'येते हं' म्हणून निघायचं: हरिपुरातल्या एका मुलीची बालवाडीची तयारी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चिमीच्या आईचा फोन आला. "बाई, जरा घरी येऊन जाता का ओ? पेन्सिल दिसली की पोरगी पलंगाखाली शिरतीय."

ही आई माझीच विद्यार्थिनी. सांगलीतल्या एका बालवाडीत मी २७ वर्षं शिकवलं, आणि माझ्या सुरुवातीच्या एका तुकडीत ती होती. आज पतसंस्थेत कारकून आहे, पण मला अजून बाईच म्हणते. चिमी हे मुलीचं खरं नाव नव्हे, आणि घर ओळखू येईल असे एकदोन तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसं माझ्या वहीवरून लिहिते आहे.

घर हरिपूरचं. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथल्या संगमेश्वराच्या देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. आजी पूर्वी बेदाणा निवडायच्या कामाला जायच्या. आता गुडघ्यांमुळं घरीच असतात, आणि चिमी दिवसभर त्यांच्या मागंपुढं.

जानेवारीत एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत छोट्या गटासाठी नाव घातलं होतं. तिथं 'भेट' म्हणून बोलावलं. टेबलापलीकडं दोन शिक्षिका, अलीकडं आईच्या मांडीवर चिमी. नाव विचारलं, रंग विचारले, ए टू झेड म्हणायला सांगितलं. चिमीनं आईच्या ओढणीत तोंड खुपसलं ते शाळेच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत वर काढलं नाही. प्रवेश मिळाला. पण निघताना सांगितलं गेलं, जूनपर्यंत कॅपिटल लेटर्स आणि वीसपर्यंत आकडे लिहिता आले पाहिजेत, नाहीतर वर्गात मागं पडेल.

झालं, घराला धास्ती लागली. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी रोज संध्याकाळी तासभर शिकवायला येऊ लागली. चार रेघी वही, ठिपक्यांचे ए आणि बी, गिरवायचं आणि पुन्हा गिरवायचं. पहिला आठवडा चिमी बसली. दुसऱ्या आठवड्यात पेन्सिली हरवायला लागल्या. तीन पेन्सिली आजींना ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडल्या, पिठात खोल खुपसलेल्या. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे सहा वाजले की पोटात दुखायला लागलं. आणि आठ महिने बंद झालेलं रात्रीचं अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं. फोन आला तो यानंतर.

वय आधी मोजलं

चिमीचा जन्म नोव्हेंबरच्या शेवटी झालेला. महाराष्ट्रात प्रवेशाचं किमान वय ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण होणारं धरतात: नर्सरीला ३, छोट्या गटाला ४, मोठ्या गटाला ५, पहिलीला ६. म्हणजे जूनमध्ये छोट्या गटाच्या वर्गात चिमी बसेल तेव्हा ती साडेतीन वर्षं आणि वर एक महिना, एवढीच. आणि तिच्याच बाकावर त्याच वर्षीच्या जानेवारीत जन्मलेलं मूल असेल, तिच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठं. आपल्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही. चिमीच्या वयात ते सगळ्या आयुष्याचा चौथा हिस्सा आहेत. जीभ, बोटं, लघवीवरचा ताबा, अनोळखी माणसासमोर उभं राहण्याचं बळ, सगळ्यातच तेवढं अंतर पडतं. मागं पडेल म्हणून जिची भीती घातली, ती मागं नव्हतीच. ती उशिरा जन्मली होती, बस्स.

मी स्पष्ट सांगितलं, एक वर्ष थांबा. घरानं ते मानलं नाही. फी भरून झाली होती, आजींना दिवसभर धावपळ झेपत नव्हती, आणि वडिलांना वाटत होतं की आज थांबलो तर जन्मभर एक वर्ष मागं. निर्णय त्यांचा होता. थांबायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण जायचं ठरलं म्हटल्यावर मूल कसं जाईल हे बघणं हे माझं काम झालं.

पहिल्या दुपारी मी काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. चिमी आजींशी अखंड बोलत होती. परड्यातल्या शेवग्यावर कुठला कावळा बसतो, मांजरीला किती पिल्लं झाली, त्यातलं एक कुठं गेलं. भाषेला कुठंच कमी नव्हतं. माळ्याच्या शिडीच्या चार पायऱ्या हात न धरता चढली. जेवायची वेळ झाली तेव्हा मात्र समोर मोबाईल लागला आणि आजी घास भरवू लागल्या. चिमीचे डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडायचं. सू लागली तेव्हा ती उभी राहिली आणि चड्डी काढायला कुणीतरी येईल म्हणून थांबली. आजी उठून परसात गेल्या तर चप्पल न घालताच मागं धावली.

मी पिशवीतून बेदाणे काढून ताटलीत ठेवले. वीसपर्यंत आकडे म्हणते असं आईनं सांगितलं होतं, आणि खरंच म्हणाली, एका दमात. मग म्हटलं, "मला तीन बेदाणे दे." तिनं मूठभर दिले आणि मी खूश झाले का ते बघत राहिली.

त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली: आधी आईशिवाय तीन तास, मग बाकीचं.

वडिलांशी बोलणं

शिकवणी बंद करा, एवढंच मागायला मी रविवारी परत गेले. वडील शांत माणूस, पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. "बाई, तुमच्या बालवाडीत गाणी-गोष्टी चालायच्या. आता पहिल्याच महिन्यात लिहायला देतात. पोरीनं वर्गात बसून नुसतं रडायचं का?" मी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं सांगितलं. २०२० च्या त्या धोरणात ३ ते ८ ही पाच वर्षं पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरली आहेत आणि खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ते म्हणाले, "धोरण कागदावर हाय. शाळा समोर हाय."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि नाही हे मी कबूल केलं. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची प्रवेशासाठी चाळणी करायला मनाई केली, आणि इथं साडेतीन वर्षांच्या पोरीला लेटर्सवर तोललं जातं, याचा मला फार राग येतो. पण माझ्या रागानं चिमीचा जून सोपा होणार नव्हता. शेवटी ठरलं ते असं: सहा आठवडे घरात पेन्सिल निघणार नाही. एप्रिल संपताना त्यांना फरक दिसला नाही तर मे महिन्यात शिकवणी परत लावायची, मी आड येणार नाही.

माझी चूक

दोन गल्ल्या सोडून अंगणवाडी आहे. वडिलांच्या लेखी अंगणवाडी म्हणजे खिचडी. पण एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून पोषण आहाराच्या बरोबरीनं शाळापूर्व शिक्षण हेही तिचं काम आहे, आणि अंगणवाडी हा शब्दच मुळी आपल्या मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आमच्या पिढीच्या बालवाडीताई याच गोष्टीवर घडल्या. हरिपूरच्या सेविकाताई ओळखीच्या होत्या. "आणा की, बसू दे तासभर," म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आजी जवळ बसल्या, काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. चिमी ठोकळ्यांत रमली. मदतनीस बाईंनी खूण केली, आणि मी, २७ वर्षं शिकवलेली, आईच्या कानात म्हणाले, "खेळतीय तोवर गुपचूप निघ."

दहा मिनिटांनी चिमीनं मान वर केली. आई बसली होती ती जागा बघितली. मग दार बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मी विसरणार नाही, कारण मी तिथंच होते आणि मला सगळं ठाऊक होतं हे तिला त्या क्षणी कळलं. रडून रडून तिला उलटी झाली. पुढचे नऊ दिवस आई न्हाणीघरात गेली तरी ती दाराला पाठ लावून बसायची. माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

चूक सर्वस्वी माझी. आणि ती त्या एकाच दिवसाची नव्हती. इतक्या वर्षांत शेकडो आयांना मी हेच सांगितलं, गुपचूप निघा. त्यानं रडणं टळतं ते आईच्या डोळ्यांसमोरचं. मूल नंतर रडतंच, आणि वर एक धडा शिकतं, की खेळात मान घातली की माणूस नाहीसं होतं. मग ते खेळणंच सोडतं, डोळे दारावर ठेवतं. रमत नाही, रमत नाही म्हणून ज्या मुलांची तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकली, त्यातली किती अशी पहारा देत बसली असतील.

वाट दाखवली ती आजींनी. संध्याकाळी चहा देताना म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. घरातनं निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे आपल्यात अडाण्यालाबी कळतंय. तुमी तर तिला काहीच न म्हणता धाडली."

मी कप तसाच हातात धरून बसले. लहानपणापासून तोंडात असलेला शब्द. 'येते' म्हणायचं ते अपशकुन नको म्हणून, असंच मी समजत आले होते. पण उंबऱ्यात उभं राहून 'येते' म्हणणारं माणूस परत यायचं कबूल करून जातं. चिमीला नेमकं हेच हवं होतं, कबुली आणि ती पाळली जाणं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नियम झाला. कुणीही, कितीही जवळ जायचं असलं तरी, चिमीच्या डोळ्यांत बघून सांगायचं, आणि सांगितलं तेच करून यायचं. "कपडे वाळत घालून येते." दोन मिनिटं. परत आल्यावर रिकामी बादली दाखवायची. "कोथिंबीर घेऊन येते." पाच-सात मिनिटं, आणि हातात कोथिंबिरीची जुडी. एकदा आई दुकानातून टोमॅटो घेऊन आली, कोथिंबीर संपली होती. चिमीनं जुडी मागितली, ती नाही म्हटल्यावर भोकाड पसरलं. आधी आम्हाला हट्ट वाटला. मग लक्षात आलं, तिच्या दृष्टीनं आई कबूल केल्याप्रमाणं परत आलीच नव्हती. तेव्हापासून वस्तूचं नाव घ्यायचं थांबवलं, फक्त कामाचं घ्यायचं: "दुकानात जाऊन येते."

वेळ कधीच घड्याळात सांगितली नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'एक तास' हा नुसता आवाज असतो. 'गाणी होतील, मग खिचडी, खिचडी खाऊन हात धुतलेस की मी दारात' हे मात्र त्याला बोटांवर धरता येतं. चिमी खरोखरच बोटं धरायची. अंगठा म्हणजे गाणी, त्याच्याशेजारचं बोट खिचडी, मधलं बोट हात धुणं. न्यायला येणाऱ्यानं दोन मिनिटं आधी पोचायचं, यात सवलत नव्हती. पतसंस्थेत मार्चअखेर, आईला निघता येईना, त्या दिवशी आजी काठी टेकत गेल्या. पण निघण्याआधी आईनं फोनवरून ताईंकरवी चिमीला निरोप दिला होता, की आज आजी येतील.

निरोप मात्र छोटा. सांगायचं, ताईंच्या हातात हात द्यायचा, निघायचं. रडली तरी परत फिरायचं नाही, आणि 'रडू नको' असंही म्हणायचं नाही. आईला हे फार जड गेलं. एकदा गल्लीच्या वळणावर भिंतीला टेकून तीच रडली. मी घड्याळ लावून बसायचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चिमी अकरा मिनिटं रडली, दुसऱ्यात सहा-सात, महिनाअखेरीला तीनेक मिनिटं, आणि मग डोळे पुसत ठोकळे.

बोटं, डबा, सू

पेन्सिल बंद होती, पण हात मोकळे नव्हते. लिहायला बोटांच्या आधी खांदा आणि मनगट लागतं, हे पालकांना पटवणं अवघड जातं. चिमी पेन्सिल मुठीत धरायची, कारण चिमटीत जोरच नव्हता. म्हणून घरातली चिमटीची सगळी कामं तिच्याकडं दिली. भुईमुगाच्या शेंगा फोडणं. दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं. कणकेचा गोळा मळून त्याच्या चिमण्या करणं. सकाळी आजी रांगोळी घालताना ठिपके चिमीचे. पहिल्या दिवशी मूठ उघडली आणि उंबऱ्यासमोर पांढरा ढीग झाला. आजींनी तिचा अंगठा आणि पहिलं बोट आपल्या बोटांत धरून रांगोळी कशी सोडायची ते दाखवलं, एक शब्द न बोलता. पंधरा दिवसांनी ठिपका ठिपक्यासारखा पडू लागला. ओळ वाकडी असायची, आजी त्या वाकड्या ओळीवरच रांगोळी जुळवायच्या. त्यांनी ती एकदाही पुसली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बेदाण्याचा खेळ आजींचाच. जन्मभर निवडलेले. एका परातीत हिरवट, पिवळे आणि काळे मिसळायचे, तीन वाट्या ठेवायच्या. चिमी वेगळे करायची. मग लहानमोठे. मग देणंघेणं: बाबांना दोन, आजीला तीन, बाईआजीला एक. मे महिन्यातल्या एका दुपारी मी परत तीन मागितले. तिनं एक ठेवला, थांबली, दुसरा ठेवला, थांबली, तिसरा ठेवला आणि माझा तळवा आपल्या हातानं मिटवला. मग माझी मूठ उघडून आणखी एक टाकला आणि म्हणाली, "आता चार झाले, एक माझा दे." वीसपर्यंत घोकलेल्या आकड्यांपेक्षा हे चार मला मोलाचे. वडील तिथंच होते. त्यांनी काही म्हटलं नाही, पण शिकवणीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

डब्याची गोष्ट थोडक्यात. शाळेसाठी आणलेला डबा चार बाजूंनी खटके असलेला, मलाच उघडायला जोर लागला. तो ठेवून दिला, साधा स्टीलचा छोटा डबा घेतला. रोज दुपारी ओसरीवर सतरंजी टाकून चिमीनं स्वतः डबा उघडायचा, खायचं, सांडलेलं वेचायचं, झाकण लावायचं. मोबाईल जेवणातून गेला. पहिले चार दिवस ती जवळजवळ उपाशी उठली आणि आजींनी माझ्यावर राग काढला. पाचव्या दिवशी अर्धी पोळी खाल्ली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या वयासाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि त्याहून कमी असेल तर बरं असंही. या घरात तो वेळ जेवणावरच जात होता, त्यामुळं जेवण सुटलं तसा पडदाही बराच सुटला. झोपेचंही त्याच सुमारास हाती घेतलं. चिमी रात्री अकराला झोपायची. या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. मेच्या मध्यापासून दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडं आणत नवाच्या आसपास आणलं.

सूचं जरा सविस्तर सांगते, कारण बालवाडीतली निम्मी रडारड याच्यापायी असते आणि पालक ते बोलत नाहीत. अडचणी तीन होत्या. गणवेशाच्या पिनोफोरखालच्या चड्डीला नाडी होती, ती काढून इलॅस्टिक घातलं. शाळेत कमोड होता आणि घरी भारतीय पद्धतीचं. विश्रामबागेत मामाच्या फ्लॅटवर कमोडची ओळख करून द्यायला नेलं तर फ्लशच्या आवाजानं चिमी ओरडत बाहेर आली. मग तिलाच बटण दाबायला दिलं, दार उघडं ठेवून, लांबून. तीन रविवार गेले. तिसरी अडचण शब्दाची. शाळेत 'वॉशरूम' म्हणतात. चिमीला तो शब्द माहीत नव्हता, आणि सू म्हटलेलं टीचरला ऐकूच आलं नाही तर? आईनं जूनच्या सुरुवातीला वर्गशिक्षिकेची भेट मागितली आणि दोन्ही बाजूंनी बांधून घेतलं. घरात 'वॉशरूम' शब्द रोजच्या वापरात आणला, आणि शिक्षिकेला सांगितलं की घाई झाली की पोरगी सूच म्हणेल. शिक्षिका तरुण होत्या, समजूतदार. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

अक्षरांचं आम्ही एवढंच केलं. अंगणातल्या फरशीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशानं रेघा: उभ्या, आडव्या, तिरक्या, गोल. उन्हानं वाळून जायच्या, त्यामुळं चुकलं असं काही उरायचंच नाही. पाटीवर खडूचे अगदी आखूड तुकडे, कारण बोटभर खडू मुठीत धरता येतो, नखाएवढा चिमटीतच धरावा लागतो. पहिल्या आवाजाचा खेळ: स्वयंपाकघरात 'क'नं सुरू होणारं काय काय? कपबशी, कणीक, कात्री, कांदा. आणि डबा, बाटली, दप्तर यांवर तिचं नाव मराठीत आणि इंग्रजीत. ते नाव तिनं ओळखावं, लिहावं असं नाही. आम्ही बालवाडीत ग म भ न क्रमानं जायचो ते अक्षरांची वळणं एकमेकांतून निघतात म्हणून. त्या वाटेनं जायला पुढं वर्षं होती.

जून

शाळा उघडली तेव्हा पावसानं सुरुवात केली होती. त्याआधी दोन रविवार वडील चिमीला गाडीवर पुढं बसवून हरिपूर रस्त्यानं शाळेपर्यंत नेऊन आणत होते. फाटक बघायचं, वॉचमन काकांना हात करायचा, परत. रिक्षावाले काका एकदा घरी येऊन चहा घेऊन गेले होते. पहिल्या दिवशी आईनं फाटकात सांगितलं, "गाणी, डबा, घंटा, की आजी रिक्षात. येते हं." चिमीनं तीन बोटं धरली आणि रडत आत गेली. सगळा वर्गच रडत होता.

तिसऱ्या दिवशी चड्डी ओली झाली. वर्गात मदतीला असलेल्या बाई म्हणाल्या, एवढी मोठी झालीस आणि. चिमीनं घरी येऊन आजींना विचारलं, "मी मोठी आहे की लहान?" आई चिडून दुसऱ्या दिवशी भांडायलाच निघाली होती. मी सांगितलं, भांडू नको, दप्तरात एक जादा चड्डी आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेव, आणि शिक्षिकेशी दोन मिनिटं बोल. तिनं तसं केलं. त्या बाई पुन्हा तसं बोलल्या नाहीत, निदान चिमीनं पुन्हा तसं काही सांगितलं नाही. आणखी दोनदा चड्डी ओली झाली, जुलैत थांबलं. रात्रीचं अंथरूण एप्रिलमध्येच कोरडं झालं होतं.

नवव्या दिवशी रिक्षात बसल्यावर चिमीनं मान बाहेर काढून दारातल्या आजींना हाक मारली, "आजी, येते गं. घंटा झाली की येते." आजींनी मला हे तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा पदर डोळ्याला लावून.

सगळं सुरळीत झालं असं नाही. डबा आठवड्यातून दोन दिवस तसाच परत यायचा, अजून येतो. इंग्रजी सूचना तिला ऑगस्टपर्यंत कळत नव्हत्या. बाकीची मुलं उठली की ती उठायची, एवढंच. शाळेनं ठरल्याप्रमाणं पहिल्याच महिन्यात लिहायला दिलं, आणि दिवाळीपर्यंत चिमीची वही वर्गात सगळ्यात मागं होती. पालकसभेत ते सांगितलं गेलं तेव्हा वडिलांनी शांतपणे विचारलं, "वर्गात ती रमते का?" रमते, असं उत्तर आलं. "मग लिहील," म्हणाले आणि सही करून आले. मार्चमधला हाच माणूस. दिवाळीनंतर दोन महिन्यांत अक्षरांना वळण आलं. पेन्सिल चिमटीत आहे, लिहिताना अंगठा मात्र अजून फार आवळते, त्यासाठी चिमटे आणि कणीक सुरूच ठेवायला सांगितलं आहे.

येत्या जूनमध्ये ती मोठ्या गटात जाईल. वर्ग वरच्या मजल्यावर, शिक्षिका नव्या. पहिले चार-पाच दिवस पुन्हा रडेल असं धरूनच चाललो आहोत. आईनं त्या आठवड्याची रजा आताच मांडून ठेवली आहे, आणि नव्या शिक्षिकेच्या भेटीची वेळ शाळा सुटायच्या आधी, एप्रिलमध्येच घेतली आहे.